चादर 1978 ची आणि 2022 ची: मांडणी कुठून सुरू करावी?

वाचनवेडी
अभ्यासमंडळात मुस्लिम स्त्रियांच्या पडद्यावर टिपण वाचायचं आहे. 1978 च्या तेहरानच्या फोटोंत शिकलेल्या मुली काळी चादर (डोक्यापासून पायांपर्यंत अंग झाकणारं इराणी वस्त्र) ओढून शहाविरुद्धच्या, म्हणजे इराणच्या राजाविरुद्धच्या मोर्चात दिसतात. 2022 च्या फोटोंत त्याच शहरात मुली रुमाल जाळताहेत. ‘सक्ती की निवड’ एवढ्या एका प्रश्नात हे दोन्ही बसत नाही. सुरुवात कुठून करू?

जुनेपान
1936 पासून करा. त्या जानेवारीत इराणचा तेव्हाचा राजा रझा शहा याने पडद्यावर बंदी आणली आणि पोलीस भररस्त्यात बायकांच्या चादरी खेचू लागले. कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं, काही घरांनी मुलींना शाळेतून काढलं. म्हणूनच पुढे त्याच्या मुलाच्या राजवटीत चादर हे निषेधाचं वस्त्र होऊ शकलं. एरवी डोकं न झाकणाऱ्याही ती पांघरून आल्या. पण शहाची सत्ता गेल्यावर मार्च 1979 मध्ये सरकारी कचेऱ्यांत हिजाब हवाच, असं क्रांतीचे धर्मगुरू नेते खोमेनींनी म्हणताच 8 मार्चपासून हजारो स्त्रिया विरोधात रस्त्यावर उतरल्या. 1983 च्या कायद्यात हिजाबविना वावरण्याला 74 फटक्यांची शिक्षा आली. सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनी या तरुणीचा मृत्यू झाला तो याच सक्तीची अंमलबजावणी करणाऱ्या पोलिसांनी पकडल्यानंतर.

वस्त्रांचे प्रकारही सांगा. चादरीला बटण नसतं, ती हाताने नाहीतर दातांत धरावी लागते; दोन्ही हातांचं काम करताना ती अडते. शाळा-कचेऱ्यांत म्हणून चेहऱ्यापुरता उघडा असलेला, शिवलेला मकनाए. रूसरी हा नुसता बांधायचा रुमाल, तो मागे सरकवता येतो. किती केस दिसतात यावरच मग वर्षानुवर्षं पोलीस आणि मुलींची ओढाताण चालली.

रझिया_म
इराणवर थांबू नका. तुर्कस्तानात खेड्यातल्या आजीने हनुवटीखाली गाठ मारलेल्या रुमालाला फारशी हरकत नव्हती. शहरात शिकणाऱ्या नातीने मोठा चौकोनी रुमाल पिनांनी घट्ट बसवून मान झाकली, की तो ‘राजकीय’ ठरे. माझ्या मते खरी अडचण ती विद्यापीठात येऊन बसल्याची होती. विद्यापीठांत रुमालावर बंदी होती त्या काळात काही विद्यार्थिनी रुमालावर विग चढवत. 1999 मध्ये निवडून आलेल्या मर्वे कावाकची रुमाल घालून संसदेत आल्या, तर त्यांना शपथ घेऊ दिली नाही. 2013 मध्ये चार महिला खासदार रुमाल घालून आल्या आणि बसल्या.

नदीकाठ
वर सगळं सरकार आणि राजकारणच आलं. श्रद्धा कुठे आहे? कैरोच्या मशिदींत धर्मशिक्षण घेणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ सबा महमूद यांनी 1990 च्या दशकात केला. त्या स्त्रियांच्या लेखी पडदा ही जगाला दाखवायची खूण नव्हती, ती रोजची साधना होती. लाज आधी मनात आणि मग पडदा, असं त्या मानत नव्हत्या. पडदा घेत घेतच लाज अंगी बाणते, असं त्यांचं म्हणणं. हे गाळलंत तर टिपणात बायका फक्त कुणाच्या तरी विरोधात किंवा कुणाच्या तरी धाकाने वागताना दिसतील.

वाचनवेडी
हे सुचलंच नव्हतं, घेते. फ्रान्सचाही परिच्छेद आहे: 2004 च्या बुरखाबंदीपासून सुरू होतो.

जुनेपान
तिथे दुरुस्ती करा. 2004 चा कायदा सरकारी शाळांतल्या ठळक धर्मचिन्हांबद्दल आहे, म्हणजे डोक्यावरचा रुमालही त्यात आला. चेहरा झाकण्यावरचा कायदा 2010 चा, एप्रिल 2011 पासून लागू, दंड 150 युरोपर्यंत. रस्त्यावर नुसत्या रुमालाला तिथे बंदी नाही.