मराठवाड्याचा मतदार ‘विकला गेला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

धर्माबादी:
परवा इथं एकानं लिहिलं की, २०२४ च्या लोकसभेला आठपैकी सात खासदार महाविकास आघाडीचे देणारा मराठवाडा नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीकडं उलटला, म्हणजे एक तर मशीन फिरवलं, नाहीतर मतदार विकला गेला. वाचून डोकंच फिरलं. २० नोव्हेंबर २०२४ ला आम्ही नांदेडकरांनी एकाच बूथवर दोन मतं दिली, एक आमदारकीला आणि एक पोटनिवडणुकीत खासदारकीला. नांदेड लोकसभा मतदारसंघातले सहाही आमदार महायुतीचे आले, खासदार मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, १,४५७ मतांनी. मशीन फिरवणाऱ्यानं तेवढी एक जागा सोडून दिली म्हणायची का?

खरी खोट जागा वाटण्याच्या रीतीत आहे. भाजपला २०१९ मध्ये ३७ टक्क्यांच्या वर मतं आणि ३०३ जागा. २०२४ ला टक्का एकानंही घटला नाही, जागा मात्र २४० वर आल्या. मतांच्या टक्क्यांप्रमाणे जागा वाटायला हव्यात, त्यावर कुणीच बोलत नाही.

अंबडकर:
नांदेडच्या निकालानं मशीन चांगलं आहे हे सिद्ध होत नाही, एवढंच कळतं की निकाल तसा लागला. माझा मुद्दा मोजणीचा आहे. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या विधानसभा क्षेत्रामागे फक्त पाच केंद्रांच्या मोजतात. सगळ्या मोजा म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले, २६ एप्रिल २०२४ ला याचिका फेटाळली. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर पडलेल्या उमेदवाराला पाच टक्के मशीन तपासून मिळतील, तेही आधी पैसे भरून! आमचे वडील शिक्षक, मतपत्रिकांच्या काळात मोजणीला बसायचे. रात्र जायची, पण हरलेला माणूस गठ्ठे डोळ्यांनी बघून घरी जायचा.

वडवणीची लेक:
तुम्ही दोघं मोजणीवर भांडताय, आमची मतं पडतच नाहीत त्याचं काय? मतदान २० नोव्हेंबरला आणि साखर कारखान्यांचं गाळप १५ पासून. ऊसतोडीच्या टोळ्या त्याच्याही आधी निघतात. माझे आई-बाप त्या दिवशी फडात होते. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोड जोडप्याला, टोळी नेणारा मुकादम मतासाठी सोडत नाही, आणि आलंच तर गाडीभाडं नि बुडालेली मजुरी कोण देणार? सैनिकाला टपाली मत आहे, ८५ वर्षांवरच्यांच्या घरी पेटी येते. ऊसतोड्याला काय आहे?

लातूररोड:
२०२३ च्या जानेवारीत निवडणूक आयोगानं गावापासून लांब राहून मत देता येईल असं दूरस्थ मतदानाचं मशीन पक्षांना दाखवायला बोलावलं होतं, विरोधकांनी हरकत घेतली. बरोबरच केलं. कारखान्यावर पेटी ठेवली तर मुकादम सांगेल तिथंच बटण दबेल.

वडवणीची लेक:
आम्ही काय मुकादमाच्या दावणीची जनावरं आहोत? मे २०२४ च्या मतदानात बीडचा खासदार ६,५५३ मतांनी ठरला, तेव्हा आमचे लोक गावात होते आणि आपल्या मनानं मत देऊन आले. तुमच्या गल्लीत पाकिटं वाटतात तेव्हा दाबाची आठवण येत नाही? हेच तर त्या मूळ पोस्टवाल्याचं म्हणणं आहे, गरीब म्हणजे विकाऊ.

लातूररोड:
अंगावर येऊ नका. मी दबावाचं बोललो, तुमच्या आई-वडिलांना बोललो नाही. माझा सख्खा मामा मुकादम होता, त्याच्या ओसरीवर काय चालायचं ते मी बघितलंय.

अंबडकर:
बरं, नांदेडचं उदाहरण वजनदार आहे, तेवढं मान्य. चिठ्ठ्या मोजायची मागणी मात्र सोडणार नाही. आणि धर्माबादी, टक्क्यांप्रमाणे जागा वाटल्यावर टँकरसाठी आम्ही कुणाच्या दारात जायचं? पक्षांच्या उमेदवारांच्या याद्या दिल्लीत ठरतील, आमचा म्हणावा असा खासदारच उरणार नाही.

धर्माबादी:
आत्ता तरी कुठं सगळ्यांचा असतो? २०१९ ला औरंगाबादची मतं तिघांत फुटली, इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. दर तीन मतांमागे दोन मतं त्यांच्या विरोधात होती. पण टँकरचा प्रश्न खरा आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. ताई, तुमच्या मतांचं मी आधी धरायला हवं होतं.

वडवणीची लेक:
धरा मग. गाळपाची तारीख मंत्र्यांची समिती ठरवते, मतदानाची आयोग. निवडणुकीच्या वर्षी दोघांनी एकमेकांना विचारायचं आणि मतदान होईपर्यंत धुराडी पेटवायची नाहीत. मशीन असो की कागद, आधी आमचं बोट शाईला लागू द्या.

लातूररोड:
याला माझी ना नाही. मुकादमाबद्दल मात्र एक शब्द मागं घेणार नाही.