थांबवूनही पुन्हा सुरू होणारी आरपीसीबाइंड सेवा कायमची कशी बंद करावी?

प्रश्न:
आमच्या लिनक्स सर्व्हरवर केवळ एक संकेतस्थळ चालते. ‘एसएस’ आज्ञेने उघडी पोर्ट तपासताना १११ क्रमांकावर आरपीसीबाइंड (आरपीसी म्हणजे दूरस्थ विनंत्या घेणाऱ्या सेवा कोणत्या पोर्टवर आहेत ते सांगणारी सेवा) आढळली. सिस्टिमसीटीएल या सेवा हाताळण्याच्या आज्ञेने ती ‘स्टॉप’ आणि ‘डिसेबल’ केली. त्या वेळी पडद्यावर एक इशारा आला होता, तो मी वाचला नाही हे कबूल करतो. पोर्ट अजूनही उघडेच आहे, फक्त आता त्यापुढे प्रक्रिया क्रमांक १ दिसतो, आणि थोड्या वेळाने सेवाही पुन्हा चालू झालेली असते. सर्व्हर वापरात असल्याने अद्याप रीस्टार्ट केलेला नाही. काय करावे?

प्रतिसाद १:
उत्तर त्या न वाचलेल्या इशाऱ्यातच होते. क्रमांक १ म्हणजे सिस्टिमडी, सर्व्हरवरील सेवा सुरू-बंद करणारा मूळ प्रोग्राम. तुम्ही सेवा थांबवलीत, पण तिचे सॉकेट (पोर्टवर विनंतीची वाट पाहणारा भाग) चालूच राहिले; त्यामुळे सिस्टिमडी स्वतः ते पोर्ट धरून बसतो आणि त्यावर पहिली विनंती येताच सेवेला उठवतो. ‘आरपीसीबाइंड डॉट सर्व्हिस’ आणि ‘आरपीसीबाइंड डॉट सॉकेट’ ही दोन्ही एकाच आज्ञेत थांबवा. ‘डिसेबल’ने फक्त बूटच्या वेळचे दुवे निघतात, दुसऱ्या एखाद्या युनिटला (सिस्टिमडी सांभाळतो अशा सेवा, सॉकेट वगैरेंपैकी एकाला) गरज भासली तर ते ही सेवा खुशाल सुरू करू शकते, ‘मास्क’ केल्यास मात्र युनिटचे नाव थेट ‘डेव्ह-नल’ या कायम रिकाम्या फाइलकडे वळवले जाते आणि हाताने सुरू करू पाहिली तरी सेवा सुरू होत नाही. तत्पूर्वी एनएफएसचे (नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरच्या फाइल वापरण्याच्या पद्धतीचे) माउंट, म्हणजे जोडलेले फोल्डर, तपासा, कारण आवृत्ती ३ ला आरपीसीबाइंड लागते, तर आवृत्ती ४ चे काम एकट्या २०४९ पोर्टवर भागते.

प्रतिसाद २:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, तरी जे लागतच नाही ते पॅकेजच काढून टाकावे असे माझे मत आहे. मात्र डेबियनवर ‘एनएफएस-कॉमन’ हे पॅकेज आरपीसीबाइंडवर अवलंबून असल्याने तेही सोबत निघेल. म्हणून आधी ‘सिम्युलेट’ पर्याय देऊन काय काय निघणार आहे ती यादी पाहावी.

प्रश्नकर्ता:
तपासले ते बरे झाले. बॅकअपचे एक जुने माउंट खरोखरच आवृत्ती ३ वर होते. पलीकडचा सर्व्हर आवृत्ती ४ देत असल्याने ‘एफएसटॅब’ या माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये तसा बदल करून ते पुन्हा जोडले, मग दोन्ही युनिट थांबवून मास्क केली. पॅकेज काढले नाही, कारण त्याबरोबर बॅकअपचे माउंटही गेले असते. काल रात्री रीस्टार्ट केल्यानंतर १११ यादीत नाही आणि बॅकअपही नेहमीप्रमाणे झाला.