ओळखीचं कोणी भेटलं तर?
"इंदूरात सगळे ओळखीचे, दारू सोडण्याच्या मीटिंगला कोणी पाहिलं तर?" ही तुमच्या भावाची भीती मलाही होती. रामबागेतून राजवाड्यापर्यंत जाताना दहा जण हाक मारणार! पण मला तिथं जो पाहणार, तोही त्याच कामाला आलेला ना. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा, एकमेकांना आधार देणारा गट. तिथं आडनाव विचारत नाहीत, फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. बोलणं हिंदीत. पहिले तीन वेळा मी नुसता बसून होतो, कोणी टोकलं नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं असतं, वहिनींना सांगा. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, टोल-फ्री आहे. आणि हो, रोज पिणाऱ्यानं एकदम बंद करू नये. हात थरथरतात, फिटही येऊ शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.