प्लगइन काढल्यावरही उरणारी बिल्डरची त्रुटी
मेव्हन (जावा प्रकल्प बांधण्याचे आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी आणण्याचे साधन) याचे प्लगइन काढल्यानंतरही एक्लिप्स हे प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअर प्रत्येक बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवताना, ते काम करणारा ‘बिल्डर’ हा घटक सापडत नसल्याचे सांगते, अशी अडचण कधी कधी येते. तिचे मूळ बहुधा प्रकल्पाच्या फोल्डरमधील ‘.प्रोजेक्ट’ या लपलेल्या फाइलमध्ये असते, कारण प्लगइन गेले तरी त्याने ‘बिल्डस्पेक’ (बिल्डर्सची यादी) आणि ‘नेचर्स’ (प्रकल्पाचे प्रकार) या विभागांत केलेल्या नोंदी तशाच राहतात. प्रकल्पाच्या प्रॉपर्टीजमधील ‘बिल्डर्स’ या पानावर गहाळ बिल्डर दिसला, तर निदान पक्के समजावे. मेव्हनच्या या दोन्ही नोंदी ‘.प्रोजेक्ट’ फाइल उघडून हाताने पुसणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. मात्र आधी फाइलची प्रत अवश्य ठेवावी, कारण जावाचा स्वतःचा बिल्डर चुकून पुसला गेल्यास संकलनच (कोड कंपाइल होणे) थांबते. प्रकल्पाच्या लायब्ररींची नोंद ठेवणाऱ्या ‘.क्लासपाथ’ फाइलमधील मेव्हनचा कंटेनरही (मेव्हनने आणलेल्या लायब्ररींची एकत्र नोंद) काढावा. त्यातून मिळणाऱ्या जार फाइली (जावाच्या लायब्ररी) मग स्वतः जोडाव्या लागतील. शेवटी प्रकल्प रिफ्रेश करून क्लीन करावा.