उष्माघाताचे बळी: दोष हवामानबदलाचा की नियोजनाचा?

रानवारा:
१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते, म्हणजे चंद्रपूरकर ज्याला ऊनही म्हणणार नाहीत इतके. परंतु खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. त्या एप्रिलमधील भारत-बांगलादेशातील दमट उष्णतेची शक्यता हवामानबदलामुळे किमान ३० पटींनी वाढली होती, असे ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवले. त्यामुळे हा केवळ पर्यावरणाचा नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

तिसरा प्रहर:
असहमत. लाखोंचा जमाव भर उन्हात तासन्‌तास सावलीविना बसवला, तर तीस वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्येही माणसे कोसळलीच असती. हवामानबदलाकडे बोट दाखवले की आयोजक आणि प्रशासन दोघेही नामानिराळे राहतात, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाले. तेथील महापालिकेने पृथ्वीचे तापमान उतरण्याची वाट न पाहता २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला, आगाऊ इशारे दिले, दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. आपल्याकडे दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय खारघरनंतर झाला. तो आधी घेण्यास कोणते विज्ञान आडवे आले होते?

ओहोटी:
दोघेही सोहळ्यातच अडकलात. वीटभट्टीवरच्या किंवा रस्त्याच्या कामावरच्या मजुराला दुपारची मनाई कोण लागू करणार? पत्र्याच्या खोलीत रात्रीही उकाडा कमी होत नाही आणि शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. असा मनुष्य सकाळी गेला, तर दाखल्यावर बहुधा ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिले जाते. उष्णतेचा उल्लेखही होत नाही.

रानवारा:
@तिसरा प्रहर, आयोजकांना सोडा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. मात्र जुन्या उन्हाळ्यांच्या अनुभवावर बेतलेले नियोजन यापुढे अपुरे पडणार, हे मान्य केल्याशिवाय नवा आराखडा नेमका कोणत्या तापमानासाठी आखणार?

तिसरा प्रहर:
आराखडा जरूर नव्या तापमानासाठी आखा. चौकशीच्या अहवालात मात्र पहिले नाव मंडप न घालणाऱ्याचे असावे, सूर्याचे नव्हे.