'बायस'ला पूर्वग्रह म्हणायचं का?

परळची अनुवादक
एका कंपनीतल्या लोकांसाठी ट्रेनिंगची पुस्तिका मराठीत करतेय. विषय अनकॉन्शस बायस, म्हणजे आपल्याला पत्ताही नसतो आणि आपण एकाला झुकतं माप देतो, दुसऱ्याला दोन हात लांब ठेवतो, ते. मी सगळीकडे 'सुप्त पूर्वग्रह' लिहिलं आणि मजकूर तपासणाऱ्या बाईंनी पानोपानी लाल केलं. त्यांचं म्हणणं, पूर्वग्रह हा शब्द दिसला की माणूस "माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही हो" म्हणतो आणि पुढे वाचतच नाही. त्यांनी सुचवलेला 'छुपा पक्षपात' मला पटत नाही. छुपा म्हटलं की कुणीतरी मुद्दाम लपवलेला, आणि इथे ज्याच्या मनात आहे त्यालाच माहीत नाहीये. संख्याशास्त्रात 'अभिनती' आहे, पण पुस्तिका भिवंडीच्या गोडाऊनमधला सुपरवायझरही वाचणार आहे. काय लिहू? शुक्रवारी द्यायचंय.

गिरगावकर
पूर्वग्रहच बरोबर आहे, बदलू नका. ग्रह् म्हणजे धरणं, त्यावरूनच आग्रह, दुराग्रह, संग्रह. आधीच धरून ठेवलेलं ते पूर्वग्रह. "माझ्याबद्दल भलता ग्रह करून घेऊ नका" हे आपण रोज बोलतो की. शब्द बोचतो म्हणून बदलायचा का? बोचलाच पाहिजे. आणि कृपा करून पुर्वग्रह असा ऱ्हस्व लिहू नका, हल्ली वर्तमानपत्रातही तसाच येतो.

उरेब पट्टी
मी बावीस वर्षं ब्लाऊज शिवते म्हणून सांगते, बायस हा शब्द आमच्याकडे रोजचा आहे आणि त्याला मराठीत शब्दही आहे, उरेब. गळ्याला, मुंढ्याला जी पट्टी लावतो ती सरळ धाग्यात कापली तर गोलाईवर बसतच नाही, चुण्या पडतात, म्हणून कापड कोनात दुमडून तिरकं कापायचं, ती उरेब पट्टी. इंग्रजी पॅटर्नवर तिलाच बायस लिहिलेलं असतं. कापड तेच असतं ताई, कात्री तिरकी लागली की तेच कापड ताणलं जातं. मला तर मनाचंही तसंच वाटतं.

गिरगावकर
उरेब फारसी आहे. सुंदर आहे, पण मनासाठी वापरलेला मी कधी ऐकला नाही.

देवगडवाली, सध्या मुलुंड
अढी का नाही? "त्याच्या मनात अढी आहे" हे कुणालाही कळतं, गोडाऊनवाल्यालाही. आणि उगम किती चपखल आहे बघा, आंबे उतरवले की भाताच्या गवतात आढी घालतात, वरून गवत, खालून गवत, आत काय चाललंय दिसत नाही, फक्त ऊब धरते आणि आठ-दहा दिवसांनी वास सुटतो. मनातलं तसंच पिकतं.

गिरगावकर
आंब्याची ती आढी, आ दीर्घ. मनातली अढी म्हणजे पीळ, गुंता. पायावर पाय टाकून अढी घालून बसतात ती अढी. आंब्याशी काही संबंध नाही.

देवगडवाली, सध्या मुलुंड
आमच्याकडे दोन्ही अढीच म्हणतात. माझी आजी म्हणायची.

बदलापूर फास्ट
पण अढी ही एखाद्या माणसाबद्दल असते ना, काहीतरी घडलेलं असतं मागे. आकसाचंही तेच. मी ज्याला आयुष्यात भेटलेलोच नाही त्याचं नुसतं आडनाव वाचून माझं मत झालं तर ती अढी नाही. आणि हे होतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून बघितले होते, शिक्षण तेवढंच, फक्त नाव-आडनाव वेगळं. दलित आणि मुस्लिम नावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. 2007 साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत छापून आलंय. त्या एचआरवाल्यांना विचारलं असतं तर प्रत्येकाने म्हटलं असतं आम्ही फक्त मेरिट बघतो, आणि ते खोटं बोलत नसते. आपल्याकडे नाव सांगितलं की "आडनाव काय?" हा पुढचा प्रश्न येतोच, तो कशासाठी असतो ते सगळ्यांना माहीत आहे.

रात्रशाळेचा मास्तर
मी लालबागच्या बाजूला रात्रशाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. तोंडी परीक्षेत पोरगं "आनी, पानी, कोनी" बोललं की माझा हात आपोआप सातावरून पाचावर यायचा. उत्तर बरोबर असायचं. मला वाटायचं मी भाषा सांभाळतोय. दिवसभर हमाली करून आलेला एक मुलगा कवितेवर असं बोलला की वर्ग गप्प झाला, आणि मी त्याला पाच दिले. त्याने काही म्हटलं नाही, वही बंद केली आणि बाकाखालचा डबा उचलून गेला. घरी जाऊन यादी काढली तर 'ण'च्या जागी 'न' म्हणणारी सगळी पाच-सहात, 'ण' म्हणणारी सात-आठात. त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या वर्षीपासून लेखी पेपरावरचा नावाचा कोपरा दुमडून स्टेपल करायला लागलो, तोंडीला आधी कागदावर मुद्दे लिहून ठेवायचे, मुद्दा आला की खूण, मग बेरीज, मधे दुसरं काही नाही. बोर्डाच्या पेपरावर बारकोड कशाला चिकटवतात ते तेव्हा मनापासून कळलं.
गिरगावकर, बोचलाच पाहिजे म्हणता, पण मला तेव्हा कुणी पूर्वग्रह म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

गिरगावकर
मास्तर, तुमचा अनुभव वाचून गप्प झालो. तरी प्रमाण उच्चार शिकवायचाच नाही का, एवढंच विचारतो.

रात्रशाळेचा मास्तर
शिकवायचा. त्याचे गुण कवितेच्या गुणांतून कापायचे नाहीत.

बदलापूर फास्ट
डॅनियल कानेमन, 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला मानसशास्त्रज्ञ, उभं आयुष्य याच विषयात गेलं, तरी म्हणायचा की माझं स्वतःचं मन फारसं सुधारलं नाही, दुसऱ्यांच्या चुका मात्र लवकर दिसतात. म्हणून मास्तरांचा स्टेपल मला जास्त खरा वाटतो.

किराणा भुसार
माझ्या वडिलांचं दुकान होतं, तिथला शब्द देतो, पासंग. सकाळी फळी उघडली की ते पहिल्यांदा रिकामा तराजू उचलून डोळ्यासमोर धरायचे. एक पारडं किंचित खाली जायचंच, दोऱ्या झिजतात, पारड्याला तेल-गूळ चिकटतो. मग हलक्या पारड्याला चिंचोक्याएवढा खडा सुतळीने बांधायचे, तो पासंग. आता फक्त "त्याच्या पासंगालाही पुरणार नाही" एवढ्यात उरलाय. काटा मारणं वेगळं, ती लबाडी. पासंग लागतो म्हणजे दुकानदार चोर नाही, तराजू कललाय, आणि माल टाकल्यावर ते कळत नाही, रिकामा असतानाच बघावं लागतं. तुम्हाला चिडवणारा शब्द नको होता ना, मग "मनाचा काटा कललेला असणं" लिहा आणि उपायाला पासंग.

परळची अनुवादक
हे फार आवडलं. पण "कल" म्हटलं की गोडाऊनवाला निवडणुकीचे कल समजेल का? आणि पंचविशीतल्या मुलांनी तराजू हातात धरलेलाच नाही, त्यांना डिजिटल काटा माहीत. तरी उदाहरण म्हणून पासंग घालते, मास्तरांचा कोपराही, परवानगी असेल तर. मुख्य शब्दाचं अजून ठरत नाहीये, 'नकळत कल' आणि 'नकळत धरलेला ग्रह' दोन्ही लिहून बाईंना पाठवते.

गिरगावकर
पासंगही फारसीच. पण राहू दे.

उरेब पट्टी
डिजिटल काट्यालाही आधी झीरो करावं लागतं ताई.

देवगडवाली, सध्या मुलुंड
आत्ता गावी फोन केला होता. काकू म्हणते आंब्याची आढी आणि मनातली अढी, गिरगावकर म्हणतात तसंच. पण आई मागून ओरडली की काही नाही, आम्ही दोन्हीला अढीच म्हणायचो. आता त्या दोघींचं चाललंय.