टेकडीवरच्या छोट्या सायकलवाटा : तुमचे अनुभव लिहा

मुरूमवाट (पुणे)

मनाली-लेहच्या सायकलस्वारीवर भरपूर लिहून झालंय. हा धागा त्यासाठी नाही. शहराच्या पोटातली झाडी, तिच्यातून जाणारी एखाद-दोन किलोमीटरची मातीची वाट आणि त्यावर जाड टायरची सायकल, एवढाच विषय. ऑफिसच्या आधी जाऊन येता येईल इतकी जवळची जागा हवी. कुठलं वळण, कुठला दगड, काय जमलं, कोण भेटलं, सगळं लिहा.

माझी वेताळ टेकडी. पुणे शहरातली सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. खालचं शहर 560च्या आसपास, म्हणजे चढ फार मोठा नाही, पण तो एकदम अंगावर येतो. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेपर्यंत डांबरी रस्ता आहे, तिथे श्वास लागतो आणि पाय तापतात. खरी मजा त्यानंतर, माती लागल्यावर. वर पठार, वेताळबाबाचं देऊळ, जुनी दगडखाण आणि चारी बाजूंना पायवाटांचं जाळं.

मला सगळ्यांत आवडते ती गिरिपुष्पाच्या झाडीतून उतरणारी एक अरुंद वाट. वनखात्याने ही झाडं लावली तेव्हा ती भराभर वाढतात एवढं पाहिलं असावं. खाली दुसरं फारसं काही उगवू देत नाहीत, हे खरंच. पण फेब्रुवारीत पानं गळतात, फांद्या फिक्या गुलाबी फुलांनी भरतात, आणि त्या बोगद्यातून सायकल सोडताना मला या झाडांवर रागावता येत नाही.

ही वाट संपायला काही मिनिटं पुरतात. मध्ये बसाल्टची एक पायरी आहे, तिच्यानंतर लगेच उजवीकडे वळण, आणि वळणावर सुटा मुरूम. उन्हाळ्यात तिथे चाक ज्वारीच्या दाण्यांवरून गेल्यासारखं सरकतं. लांबच्या वाटेवर असं वळण नीट गेलं नाही तर ते मागे पडतं, पुढच्या वर्षी पाहू म्हणायचं. इथे सायकल वळवायची, वर ढकलत न्यायची आणि पुन्हा यायचं. आज ब्रेक पायरीच्या आधी सोडून पाहिला, उद्या वळणाच्या आतून गेलो. तोच दगड पावसाळ्यात शेवाळलेला, ऑक्टोबरात गवतात लपलेला, मे महिन्यात तापलेला. माझं सायकल चालवणं याच तुकड्यावर घडलं.

पाषाणची पोरगी

मी वेताळ टेकडीवर पाषाणकडच्या पंचवटीच्या बाजूने चढते. पहिले काही महिने फक्त चढच करायचे आणि उतारावर सायकल हातात धरून यायचे. कॉलेजमधल्या एका सीनिअर ताईने एका रविवारी माझी सीट चार बोटं खाली केली आणि म्हणाली, "आता बसायचं नाही. दोन्ही पॅडल सारख्या उंचीवर, टाचा खाली, कोपरं बाहेर, आणि नजर चाकापुढच्या दगडावर नाही, त्याच्या पुढच्या वळणावर." तेवढ्यानेच खूप फरक पडला. सायकल खाली हलत राहते, आपण वर स्थिर राहतो, हे पायांना कळलं की भीतीचा आकार बदलतो.

दुसरं तिने शिकवलं ते ब्रेकचं. सायकल थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून त्याला घाबरून चालत नाही. पण सुट्या मुरुमावर वळताना तो दाबला की पुढचं चाक बाजूला निसटतं. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ असतानाच कमी करायचा.

एकट्या मुलीने पहाटे टेकडीवर जावं का, हा प्रश्न घरात अजून निघतो. मी उजाडल्याशिवाय वर जात नाही, आणि आम्ही तिघी-चौघी मिळून जातो. आणखी कुणी या बाजूला राहत असेल तर सांगा, येताना बरोबर येऊ.

दुरुस्तीवाला

कर्वे रस्त्याच्या मागे माझं छोटं दुकान आहे. टेकडीवरून येणाऱ्या सायकली मी टायर पाहून ओळखतो. बाभळीचे आणि बोरीचे काटे, नेहमी हेच. ट्यूब वापरत असाल तर पंक्चर ठरलेलं. ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घातलं की काटा काढला तरी भोक आपोआप बुजतं. मात्र आपल्या हवेत सीलंट लवकर वाळतं, दर दोन-तीन महिन्यांनी बघून भरायला हवं.

हवा कमी ठेवा. लोक रस्त्यासारखी 50-60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून येतात आणि म्हणतात सायकल उडते. साधारण सत्तर किलोच्या माणसाला रुंद ट्यूबलेस टायरमध्ये 22 ते 26 पुरते, ट्यूब असेल तर थोडी जास्त. पुढे मागच्यापेक्षा एक-दोन कमी.

महागडी फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना धक्के झेलणारी) सायकल टेकडीसाठी लागत नाही. फक्त पुढे सस्पेन्शन, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि मागे मोठं गिअरचक्र एवढं बघा. मागे 51 दातांचं चक्र आणि पुढे 32चं असलं की एआरएआयचा चढ बसून जातो. आणि हेल्मेट. त्यावर मी वाद घालत नाही.

रोजचा फिरस्ता

मी सायकलवाला नाही. निवृत्त आहे, हनुमान टेकडीच्या बाजूने बऱ्याच वर्षांपासून चालायला जातो. तरी इथे लिहावंसं वाटलं.

एप्रिल 2023मध्ये वेताळ टेकडीवरून रस्ता आणि खालून बोगदे नेण्याच्या योजनांविरुद्ध मोर्चा निघाला, तेव्हा आम्ही म्हातारे होतो, शाळकरी मुलं होती आणि सायकली घेऊन आलेली तरुण मंडळीही होती. त्या दिवसापासून मी सायकलवाल्यांना टेकडीचीच माणसं मानतो. म्हणूनच हक्काने दोन गोष्टी सांगतो.

सकाळी साडेसहा ते आठ वाटांवर आमची गर्दी असते. अनेकांना कमी ऐकू येतं. मागून घंटी वाजली की माणूस दचकतो आणि नेमका चुकीच्या बाजूला सरकतो. लांबूनच "काका, उजवीकडून येतोय" असा आवाज द्या आणि वेग चालण्याइतका करा. माझ्या ओळखीच्या एका बाईंना गेल्या वर्षी एका वळणावर धक्का लागला, मनगट मोडलं. त्या अजून वर येत नाहीत.

दुसरं, मार्चपासून पावसाळ्यापर्यंत उघड्या खडकाळ जागी टिटवी जमिनीवरच अंडी घालते. त्यांचा रंग खड्यांचाच, बघूनही दिसत नाहीत. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की समजावं, इथून वळायचं. नवी वाट पाडू नका. आहेत त्या पुरेशा आहेत, आणि प्रत्येक नवी वाट पावसात ओहोळ होते.

उन्हाळ्यात आम्ही रोपांना बाटल्यांतून पाणी नेतो. दोन मुलं सायकलीला कॅन बांधून पाणी वर आणतात. त्यांचे आभार इथेच मानतो.

ब्रिस्टलहून

वडगावचा, आता नऊ वर्षं ब्रिस्टलमध्ये. इथे शहरातून क्लिफ्टनचा झुलता पूल ओलांडला की ॲश्टन कोर्ट लागतं. पूर्वी एका घराण्याची जहागीर, आता महापालिकेची बाग, हरणांसकट. तिच्यात नोव्हा नावाची सायकलवाट आहे आणि शेजारच्या ली वुड्समध्ये आणखी एक. वाटांना अवघडपणानुसार रंग असतात : हिरवी सगळ्यांत सोपी, मग निळी, लाल आणि सगळ्यांत अवघड काळी. नोव्हा निळी. दगडचुरी दाबून बांधलेली, त्यामुळे इथल्या न संपणाऱ्या पावसातही चिखल होत नाही.

काकांचं वाचून इथला नियम आठवला. इंग्लंडमध्ये नुसत्या पायवाटेवर सायकलला हक्क नाही. घोडेवाटेवर 1968च्या कायद्याने आहे, पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचं या अटीवर. सायकलींसाठी वेगळी वाट बांधली तेव्हा बाकीच्या वाटा चालणाऱ्यांना निवांत झाल्या. आपल्या टेकड्यांवर खोदकाम करून नवं काही बांधावं असं मी म्हणत नाही. पण एकच उतार, एकाच दिशेने, ठरावीक वेळात सायकलींसाठी, एवढं परवानगीने ठरवता आलं तर?

बंगळूरकर

कनकपुरा रस्त्यावरचं तुरहळ्ळी. दोन-तीन वाटा, मोठाले गुळगुळीत ग्रॅनाइटचे खडक, नीलगिरीचा वास. खडकावर टायर इतका धरतो की बसाल्टवाल्यांना खरं वाटणार नाही. राखीव वन आहे, नियम बदलत असतात, जाण्याआधी गेटवर विचारा. बाकी मी पुण्याला आलो की मुरूमवाट, तुमची ती पायरी दाखवा.

लेकीचा बाबा

मुलगी आठ वर्षांची, सायकल 20 इंची. आम्ही बाणेर-पाषाणच्या टेकडीवर जातो. तिला मोराचं पीस सापडलं तर उतार विसरते, आणि मला ते चालतं. चढावर ती उतरून ढकलते, उतारावर मला "बाबा, मागे राहा" सांगते. तिच्या ब्रेकचे दांडे बोटांना लांब पडत होते. एका छोट्या स्क्रूने ते जवळ आणता येतात हे कळेपर्यंत बरेच दिवस गेले. लहान मुलांच्या सायकलीत हे आधी तपासा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिला जाड, लांब मोजे घालतो. कुसळं साध्या मोज्यात शिरली की घरी येऊन तासभर उपटत बसावं लागतं. आणि घोणस-फुरशांमुळे गवतात पाय ठेवायचा नाही, हे तिला पाठ आहे.

मुरूमवाट

काका, घंटीचं पटलं. आमच्या गटात आजच सांगतो. सकाळी आठपर्यंत आम्ही त्या अरुंद उतारावर जाणार नाही, मागच्या रुंद रस्त्याने फिरू.

ब्रिस्टलकर, वेळ ठरवण्याची कल्पना वनखात्याकडे लेखी मांडायला मी तयार आहे. मसुदा लिहायला कोण येतंय?

पावसाळा जवळ आलाय म्हणून एक विनंती. मोठ्या पावसानंतर दोन दिवस मातीच्या वाटांवर सायकल घालू नका. ओल्या मातीत चाकाची चर पडते, पुढचा पाऊस तिच्यातूनच वाहतो आणि दोन महिन्यांत वाट घोट्याइतकी खोल जाते. पायरीखालच्या वळणावर गेल्या वर्षी हेच झालं. जूनच्या आधी तिथे दगडांची आडवी ओळ लावून पाणी बाजूला काढायचं आहे, परवानगीचं मी बघतो. फावडी दोन आहेत, घमेली कमी पडतील. पाषाणची पोरगी, तुमच्या चौघींना जमेल का?